मोनालिसाचं हसू आणि संस्कारांचा ठेका

दोस्तहो, आधी प्रसंग सांगतो. भांडण नंतर.

एका कलारसास्वाद शिबिराला गेलो होतो. कुणी बोलावलं नव्हतं, फी भरून गेलो. तीन दिवसांची मजुरी बुडवून. माझा धंदा तुम्हाला माहीत आहे : साइनबोर्ड पेंटर. दुकानाच्या पाट्या, ट्रकच्या मागचे मोर, शाळेच्या भिंतीवरचे नकाशे, आणि एप्रिल जवळ आला की बाबासाहेब. फ्लेक्स आल्यापासून पाट्या गेल्या, मोर गेले. भिंतीवरचे बाबासाहेब तेवढे अजून माझ्याकडे येतात. तेव्हा वाटलं, आयुष्यभर चेहरे रंगवतोय, चेहरा कसा बघायचा हे शिकलेल्या माणसांकडून एकदा ऐकावं.

व्यासपीठावर एक प्राध्यापक. पडद्यावर मोनालिसा. प्राध्यापकसाहेब पाऊण तास बोलले. गूढ, चिरंतन, अथांग, स्त्रीत्वाचं सनातन रहस्य... शब्दांची आरतीच चालली होती. मी उठून विचारलं, ‘सर, हे चित्र एवढं गाजलं ते कधीपासून? आणि कुणी गाजवलं?’ साधा प्रश्न होता. पाटी रंगवणारा माणूस विचारतोच, की बाबा, ही पाटी लावली कुणी आणि वाचतं कोण.

सर हसले. मोनालिसासारखं नाही, चांगलं स्पष्ट हसले. म्हणाले, ‘तुम्हा लोकांचं असंच असतं. सगळीकडं शोषण शोधायचं. सौंदर्य दिसायला संस्कार लागतात.’ सभागृह हसलं. मी खाली बसलो.

खाली बसलो याची अजून चीड येते. तेव्हा जे बोलता आलं नाही ते इथं बोलतो.

आणि हे फक्त त्या सरांना नाही. परत आल्यावर आपल्या अभ्यासवर्गात हा किस्सा सांगितला तर आपलाच एक पोरगा म्हणाला, ‘दादा, गेलातच कशाला? रेशमाच्या व्यापाऱ्याची बायको ती. शेटाणीचं चित्र. २०२४ साली दोन पोरींनी तिच्यावर सूप फेकलं, बरोबर केलं.’ वर्गातली निम्मी पोरं खूष. मी म्हणतो, सरांनी चित्र पाह्यलं नाही आणि ह्यानंही पाह्यलं नाही. सरांनी आरती पाह्यली, ह्यानं शेटाणी पाह्यली.

मग पाह्यचं काय?

मी पॅरिसला गेलेलो नाही. जाणार नाही बहुतेक. ज्या पेंटरकडं मी उमेदवारी केली त्या उस्तादांच्या टपरीत कॅलेंडरचं पान चिकटवलेलं होतं, त्यावर ही बाई. टर्पेंटाइनचे हात लागून लागून तिचा एक गाल पिवळा पडला होता. तिचं नाव मला दोन वर्षं माहीत नव्हतं. उस्ताद म्हणायचे, ‘पोरा, ओठाचा कोपरा शिकायचा असंल तर हिच्याकडं बघ. रेघ सापडती का बघ.’ मी शोधायचो. रेघ सापडायची नाही.

ही झाली पहिली गोष्ट. तिच्या ओठाच्या कोपऱ्याला रेघ नाही. डोळ्याच्या कोपऱ्यालाही नाही. आपण पाटीवाले लोक रेघेवर जगतो. आधी चौकटी पाडायच्या, मग खडूनं बाह्यरेषा, मग इनॅमल भरायचं. लिओनार्दोनं रेघच काढून टाकली. पॉप्लरच्या लाकडाची फळी, ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ रुंद, म्हणजे आपल्या किराणा दुकानाच्या पाटीपेक्षाही लहान. तिच्यावर तेलरंगाचे इतके पातळ थर दिलेत की २०१० साली फ्रान्सच्या शास्त्रज्ञांनी क्ष-किरण लावून ते मोजले, तेव्हा एकेक थर मिलिमीटरच्या एक-दोन हजारांशाइतका निघाला. एक थर वाळल्यावर दुसरा, त्यावर तिसरा. सावली कुठं सुरू झाली ते कळतच नाही. धुरासारखं. त्या तंत्राचं इटालियन नावच धुरावरून आलंय.

त्याचा परिणाम असा होतो : तिच्या डोळ्यांकडं बघा, ओठ हसतात. ओठांकडं बघा, हसू गायब. इथंच सरांच्या ‘गूढ’चं दुकान चालतं. पण हे गूढ नाही, डोळ्याचं काम आहे. २००० साली हार्वर्डच्या मार्गारेट लिव्हिंगस्टन या बाईंनी ते मांडलं. आपण ज्याकडं रोखून बघतो तिथले बारकावे डोळा टिपतो, आणि नजरेच्या कडेला जे असतं तिथल्या मोठ्या, पसरट सावल्या टिपतो. हिचं हसू सगळं पसरट सावल्यांत आहे. म्हणून ते नजरेच्या कडेला दिसतं आणि रोखून बघितलं की पळतं. पाचशे वर्षांपूर्वीच्या माणसानं हे हातानं साधलं, वर्षानुवर्षं एका फळीवर बसून. मला त्याच्यापुढं हात जोडावेसे वाटतात. बाईपुढं नाही, त्या हातापुढं.

आणि ते ‘तिची नजर तुमचा पाठलाग करते’ वगैरे! अहो, समोर बघणारा कुठलाही चेहरा रंगवा, नजर पाठलाग करते. आमच्या समाजमंदिराच्या भिंतीवरचे बाबासाहेब सुद्धा करतात. दारू पिऊन त्या गल्लीतून जाणारे अंग चोरून का जातात असं वाटतंय तुम्हाला?

ओठाच्या कोपऱ्याचं मला एवढं का लागून राह्यलंय ते सांगतो. एकदा एका वस्तीत भिंत करत होतो. चेहरा पुरा झाला. कोट झाला, चष्मा झाला. पोरं म्हणाली, एक नंबर. तेवढ्यात एक म्हातारी काठी टेकत आली. उभी राह्यली. बघत राह्यली. म्हणाली, ‘लेकरा, हे बाबा न्हाईत.’ मी म्हटलं, का गं आजी? ‘बाबा असं हसत न्हाईत. ह्यो मतं मागाया आल्यावानी दिसतोय.’ मी लांब जाऊन बघितलं. च्यायला, खरंच. डाव्या ओठाचा कोपरा बोटभर वर गेला होता आणि बाबासाहेबांचा पुढारी झाला होता. पुसून परत केला. म्हातारीनं बाबासाहेबांना प्रत्यक्ष कधी पाह्यलं नव्हतं. घरातल्या फोटोत पाह्यलं होतं, रोज, दिवा लावताना. तिच्यावर कलेचे संस्कार कुणी केले होते, सर?

एक चेहरा रोज बघणाऱ्या माणसाला तो चेहरा बघता येतो. एवढंच आहे ते. त्याला संस्कार हे नाव देऊन, कुलूप लावून, किल्ली आपल्या जानव्याला बांधायची ही जुनी खोड आहे.

आता तो हात कुणाचा होता ते बघू. तिथं आपल्या पोराला उत्तर आहे.

लिओनार्दो १५ एप्रिल १४५२ चा. (माझा १५ एप्रिल ब्रश धुण्यात जातो, त्यामुळं तारीख पाठ आहे.) बाप सेर पिएरो, नोटरी, खाऊनपिऊन सुखी घरातला. आई कातेरीना. लग्न झालेलं नव्हतं, होणारही नव्हतं. बापानं आपल्या बरोबरीच्या घरातली मुलगी केली. कातेरीनाला भट्टीवर काम करणाऱ्या एका माणसाच्या गळ्यात बांधलं. पोरगं अनौरस, म्हणून बापाच्या धंद्यात शिरायची सोय नाही. नोटरींच्या संघाचे दरवाजे अशा मुलांना बंद होते. लॅटिनचं नीट शिक्षण मिळालं नाही. मोठेपणी स्वतःच मांडून जिरवायला बसला, पण त्यात पारंगत नाही झाला. लॅटिन आलेले विद्वान त्याला बिनअक्षराचा म्हणून नाकं मुरडायचे, आणि त्यांचा राग त्यानं स्वतःच्या वह्यांत लिहून ठेवलाय. लॅटिनच्या जागी संस्कृत घाला. ओळखीचं वाटतं का काही?

आणि ही कातेरीना कोण? काही अभ्यासकांनी २०१७ साली कागदपत्रं लावून सांगितलं, की ती त्याच भागातली एक गरीब पोरकी मुलगी होती. २०२३ साली नेपल्सचे कार्लो व्हेच्चे हे प्राध्यापक पुढं आले. त्यांच्या हाती फ्लॉरेन्सच्या दप्तरातला १४५२ च्या नोव्हेंबरचा एक कागद लागला होता. कातेरीना नावाच्या एका गुलाम बाईला तिची मालकीण मुक्त करते आहे, असा तो दस्त. लिहिणारा नोटरी सेर पिएरो. व्हेच्चे म्हणतात हीच लिओनार्दोची आई, कॉकेशसच्या डोंगरातून पकडून आणलेली, विकलेली. सगळ्यांना हे पटलेलं नाही, वाद चालू आहे. मी वादात निकाल देणारा कोण? पण दोन्ही बाजूंचं ऐकलं तरी एक ठरतं. ती एक तर गरीब पोरकी होती, नाही तर गुलाम. तिसरी बाजू नाही. जगातल्या सगळ्यात गाजलेल्या शेटाणीचा चेहरा एका अशा बाईच्या पोरानं रंगवला, जिला स्वतःचा चेहरा रंगवून घ्यायची ऐपत सोडा, हक्कच नव्हता.

लिओनार्दोच्या वहीत १४९३ साली मिलानला कातेरीना नावाची कुणी बाई आल्याची नोंद आहे. पुढं तिच्या मयताच्या खर्चाची यादी आहे. मेण, तिरडी, वर घालायचं कापड, खांदेकरी, पाद्री, खड्डा खणणारे. सगळ्यांपुढं पैसे लिहिलेत. रडगाणं एका अक्षराचं नाही. ती त्याची आई असावी असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं.

ही यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा मी काम बंद केलं होतं. माझी आय १९८९ साली गेली. फोटोवाली मतदार ओळखपत्रं त्यानंतर आली. स्टुडिओत ती कधी गेली नाही. तिचा एक फोटो नाही, कुठल्या लग्नाच्या गर्दीतसुद्धा नाही. गर्दीतले फोटो निघायचे तेव्हा ती मागं भांडी घासत असायची. मला तिचा चेहरा रंगवता येत नाही. प्रयत्न केलाय. डोळे येतात, कपाळ येतं, कपाळावरचं गोंदण येतं. ओठाचा कोपरा येत नाही. तेवीस वर्षं चेहरे रंगवून ही गत.

असो. मुद्द्यावर येतो.

ओठाचा कोपरा त्याला कुठून आला? बसून ध्यान लावून नाही आला. त्यानं मढी चिरली. फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नुओव्हा या इस्पितळात शंभरीचा एक म्हातारा त्याच्याशी बोलत होता आणि बोलता बोलता शांतपणे गेला. ते मढं त्यानं स्वतः फाडून बघितलं, १५०७-०८ च्या हिवाळ्यात. म्हणजे हे चित्र हातात होतं त्याच काळात. ओठ हलवणारे स्नायू कुठून निघतात, कुठं चिकटतात, हे कातडी सोलून बघितलं आणि त्याची चित्रं काढली. रात्री मढ्यांच्या संगतीला बसणं, हे त्यानं लिहून ठेवलंय.

आता सांगा, हे काम आपल्याकडं कुणाच्या वाट्याला होतं? मेलेलं ढोर ओढणारा, कातडं सोलणारा, आतली शीर न् शीर ठाऊक असलेला माणूस आपल्या गावात होताच की. त्याच्या हातात ज्ञान होतं. त्याला गावाबाहेर ठेवलं. आणि ज्याच्या हातात पोथी होती त्यानं मढ्याला शिवणं म्हणजे विटाळ ठरवलं. हात एकीकडं, डोकं एकीकडं, मध्ये वेस. बाबासाहेबांनी १९३६ साली जातिसंहाराच्या त्या न झालेल्या भाषणात कामाच्या वाटणीचा युक्तिवाद जो फोडून काढला, तो मला पुस्तकात कळायच्या आधी ह्या ओठाच्या कोपऱ्यात कळला असता, जर कुणी सांगितलं असतं. आमचे सर काय सांगतात? गूढ!

तेव्हा पोरा, शेटाणी म्हणून टाकून देऊ नकोस. त्या फळीत एका अनौरस पोराचा हात आहे, आणि इस्पितळात मेलेल्या गरिबांची शरीरं आहेत. सूप फेकलंस तर त्यांच्यावरही पडेल.

आता सरांचा नंबर. कधीपासून गाजलं आणि कुणी गाजवलं?

लिझा गेरार्दिनी, फ्रांचेस्को देल जोकोंदो या रेशमाच्या व्यापाऱ्याची बायको. चित्र १५०३ च्या सुमारास सुरू झालं. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात आगोस्तिनो व्हेस्पुच्ची नावाच्या कारकुनानं एका पुस्तकाच्या समासात तशी नोंद केली होती, ती २००५ साली हायडेलबर्गच्या ग्रंथालयात सापडली. गंमत अशी की हे चित्र शेटजीला मिळालंच नाही. लिओनार्दोनं दिलं नाही. वर्षानुवर्षं हात मारत बसला, फ्रान्सला घेऊन गेला, १५१९ साली तिकडंच वारला. चित्र फ्रान्सच्या राजाकडं गेलं. पुढं अडीचशेहून जास्त वर्षं ते राजवाड्यात. लोकांनी बघायचा प्रश्नच नाही. ज्याला प्रजा म्हणतात तिला भिंतीच्या आत प्रवेश नव्हता. चित्रही सवर्णच म्हणा, सोवळ्यात.

राजाचं डोकं उडवलं त्याच वर्षी, १० ऑगस्ट १७९३ ला लूव्रचा राजवाडा लोकांसाठी संग्रहालय म्हणून उघडला. हे लक्षात ठेवा. सरांना जे ‘चिरंतन’ सौंदर्य दिसतं ते दिसायला आधी एक क्रांती व्हावी लागली. लोकांनी दार फोडलं म्हणून चित्र दिसलं. तरी मध्ये नेपोलियननं काही वर्षं ते आपल्या झोपायच्या खोलीत टांगलंच.

एकोणिसाव्या शतकात लेखक मंडळी तिच्या नादी लागली. फ्रान्सात गोतिए, इंग्लंडात वॉल्टर पेटर. गूढ, जादू, विषारी सौंदर्य वगैरे सगळं यांचं. आमच्या सरांच्या तोंडी जे होतं ते चिरंतन नव्हतं, ते दीडशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी उष्टं होतं, आणि तेही वाढणाऱ्याचं नाव न सांगता वाढलेलं.

तरीही ती पुस्तकं वाचणाऱ्या मूठभरांची होती. रस्त्यावर तिला आणली ती एका मजुरानं.

विंचेन्झो पेरुज्जा. उत्तर इटलीतून पोटासाठी पॅरिसला आलेला, घरं रंगवणारा. आमच्याच जातीचा म्हणा, ब्रशाच्या जातीचा. सोबतचे फ्रेंच कामगार त्याला ‘मॅकरोनी’ म्हणून चिडवायचे. लूव्रच्या चित्रांना काचेच्या पेट्या बसवायचं काम निघालं त्यात तो होता. सोमवार, २१ ऑगस्ट १९११. संग्रहालय बंद. पेरुज्जानं कामगारांचा पांढरा डगला घातला, चित्र भिंतीवरून उतरवलं, चौकट जिन्यात टाकली आणि फळी घेऊन चालता झाला. मधलं एक दार उघडेना तर तिथल्या एका प्लंबरनं ते उघडून दिलं. का नाही देणार? डगला घातलेला माणूस. कामगार दिसतो कुणाला! दुसऱ्या दिवशी एक चित्रकार तिथं बसून चित्र काढायला आला तेव्हा भिंतीवर चार खिळे. रखवालदारांना वाटलं, फोटो काढायला नेलं असेल.

मग जे झालं ते बघा. जगभरच्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर तिचा चेहरा. ज्यांनी जन्मात चित्र बघितलं नव्हतं त्यांच्या घरात तो पोचला. कवी आपोलिनेरला संशयावरून तुरुंगात टाकलं, पिकासोची चौकशी केली. परदेशी होते ना दोघंही. आठवड्यानं लूव्र उघडलं तर लोकांनी रांगा लावल्या. कशासाठी? रिकामी भिंत बघायला! फ्रांझ काफ्का आपल्या मित्राबरोबर त्या रिकाम्या भिंतीपुढं जाऊन आला. चित्र नाही, गूढ स्मित नाही, धुरकट सावली नाही. नुसती जागा. आणि गर्दी चित्रापेक्षा जास्त.

सर, ती गर्दी कुठल्या सौंदर्याची होती?

पेरुज्जानं चित्र आपल्या खोलीत पेटीच्या तळाला दोन वर्षं ठेवलं. पोलीस खोलीवर येऊन जबाब घेऊन गेले. त्यांनाही मजूरच दिसला. डिसेंबर १९१३ मध्ये फ्लॉरेन्सला विकायला-द्यायला गेला आणि पकडला गेला. म्हणाला, नेपोलियननं आमच्या देशाचं लुटलेलं परत आणलं. हे काही खरं नव्हतं, चित्र लिओनार्दोनं स्वतःच नेलेलं, आणि त्याला पैसेही हवे होते. पण इटलीत लोकांनी त्याला तुरुंगात खायला-प्यायला पाठवलं. एक वर्ष पंधरा दिवसांची शिक्षा, ती पुढं सात महिन्यांवर आली. १९२५ साली वारला. मी त्याला हुतात्मा करत नाही. चोर तो चोर. पण मोनालिसाचं नाव जेवढं त्याच्या डगल्यानं केलं तेवढं शंभर प्राध्यापकांनी नाही केलं.

त्यानंतर ती चित्र राहिली नाही, नोट झाली. द्युशांनं १९१९ साली तिच्या पोस्टकार्डावर मिशा काढल्या. १९६३ साली तिला अमेरिकेला नेलं तर केनेडी स्वागताला. पंधरा लाखांवर माणसं समोरून गेली. १९७४ साली टोकियो. तिथलं एक प्रकरण तुम्ही पाठ करून ठेवा, कारण हे कुठल्याही शिबिरात सांगत नाहीत. गर्दी होणार म्हणून ज्यांना चालायला दुसऱ्याची मदत लागते अशा अपंगांना प्रदर्शनात मज्जाव केला होता. तोमोको योनेझू, स्त्रीमुक्ती चळवळीतली, स्वतः अपंग, वय पंचवीस. पहिल्याच दिवशी, २० एप्रिलला, तिनं चित्रावर लाल रंगाचा फवारा मारला. काच होती, चित्राला काही झालं नाही. खटला भरला. तीन हजार येन दंड. पण संग्रहालयाला अपंगांसाठी एक दिवस राखून ठेवावा लागला.

आता या पोरीचा लाल रंग आणि २८ जानेवारी २०२४ चं सूप, यात फरक करायला शिका. सूपवाल्यांचा प्रश्न खोटा नव्हता. कला मोठी की चांगलं अन्न मिळायचा हक्क मोठा, असं त्या विचारत होत्या. उपाशी माणूस हे विचारणारच. पण त्यात चित्र कुठलंही चाललं असतं, फक्त कॅमेरे हवे होते. योनेझूचं तसं नाही. तिला ते चित्र बघायचं होतं! तिची लढाई चित्राशी नव्हती, दाराशी होती. चवदार तळ्यावर पाणी वाईट आहे म्हणून गेलो होतो का आपण?

अजून एक-दोन पुरावे देतो, मग सोडतो.

माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात हीच बाई आहे. लिओनार्दोच्या कारखान्यात, त्याच्या शेजारी बसून एका चेल्यानं केलेली प्रत, जवळपास त्याच मापाची. २०१२ साली तिची मागची काळी बाजू साफ केली तर आत सगळा देखावा निघाला, बाह्या लाल, चेहरा टवटवीत. पॅरिसवालीवर जुन्या रोगणाचा पिवळा थर चढलाय, ती मळलेली दिसते. सौंदर्यच बघायचं तर माद्रिदला गर्दी हवी. नाही. चेल्याचं नाव कुणाला माहीत नाही.

आणि पॅरिसला त्याच दालनात, मोनालिसाच्या अगदी समोरच्या भिंतीवर, व्हेरोनेझेचं कानाच्या लग्नाच्या पंगतीचं चित्र आहे. जवळजवळ दहा मीटर रुंद. लूव्रमधलं सगळ्यात मोठं. ते १७९७ साली नेपोलियनच्या फौजेनं व्हेनिसच्या एका मठातून खरोखर लुटून आणलेलं. म्हणजे पेरुज्जा बिचारा चुकीच्या भिंतीवर चढला. येणारे लोक त्या पंगतीकडं पाठ करून, मोबाइल वर करून, मोनालिसाबरोबर स्वतःचा फोटो काढतात. पंगतीत वाढपी आहेत, वाजवणारे आहेत, कुत्री आहेत. त्यांच्याकडं सगळ्यांची पाठ.

त्याच लूव्रमध्ये आणखी एक बाई आहे. काळी. डोक्याला पांढरं फडकं, अंगावर पांढरं वस्त्र, बघते ती सरळ तुमच्या डोळ्यांत. मारी-गिएमिन बेन्वा या चित्रकर्तीनं १८०० साली दाखवलं ते चित्र. फ्रान्सनं १७९४ मध्ये गुलामी बंद केली होती, १८०२ मध्ये नेपोलियननं ती परत आणली. त्या आठ वर्षांच्या फटीत हा चेहरा रंगवला गेला. चित्राचं नाव काय? ‘एका निग्रो बाईचं चित्र.’ जात लिहिली, नाव नाही. ग्वादलूप बेटावरून आणलेली मोलकरीण ती, चित्रकर्तीच्या दिराच्या घरची. नाव मादलेन. हे नाव चित्राखाली लावायला २०१९ साल उजाडलं. दोनशे एकोणीस वर्षं. लिझाच्या नावासाठी अभ्यासकांच्या पिढ्या खपल्या, समासातली एक ओळ सापडली तर बातमी झाली. मादलेनचं नाव विचारलंच नव्हतं कुणी.

तिच्या ओठाचा कोपरा मी मोबाइलवर मोठा करून बघितलाय. ती हसत नाही. रेघही आहे, थोडी.

तर सर, लोकांना ही मोनालिसा का सोडत नाही, याचं उत्तर तुमच्या आरतीत नाही. एका हातानं केलेलं काम आहे, ते खरंखुरं मोठं आहे, मी पेंटर म्हणून सांगतो. आणि त्या कामावर राजवाड्याची, क्रांतीची, लेखकांची, चोरीची, छापखान्यांची, केनेडीची, तिकिटांची थरावर थर पुटं चढलीत. लोक त्या पुटांना बघायला जातात आणि मग त्यांना वाटतं हसू दिसलं. काही जणांना खरंच दिसतं. २०२४ साली त्या संग्रहालयात सत्त्याऐंशी लाख माणसं गेली, त्यातली बहुतेक हिच्यासाठी. दारातला तो काचेचा पिरॅमिड बांधला तेव्हा वर्षाला चाळीस लाखांचा हिशेब धरला होता. १६ जून २०२५ ला तिथल्या रखवालदारांनी, तिकिटवाल्यांनी गर्दीला आणि कमी माणसांत राबण्याला कंटाळून काम बंद केलं. बाहेर रांगा, आत मोनालिसा एकटी. तिच्यासाठी वेगळी खोली, वेगळं तिकीट काढायचं राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांनी त्या वर्षीच्या जानेवारीत जाहीर केलं होतं. खोली आधी सुचली, माणसं नंतर. आणि ऑक्टोबरात, १९ तारखेला, चोरांनी भरदिवसा शिडीचा ट्रक लावून राजघराण्याचे दागिने नेले. अंगात काय होतं माहीत आहे? कामगारांची पिवळी जाकिटं. एकशे चौदा वर्षं झाली, कामगार अजून दिसत नाही त्यांना.

पोरांनो, तुम्ही मात्र बघा. बोर्डावर, मोबाइलवर, कॅलेंडरवर, मिळेल तिथं बघा. ह्या बघण्यावर कुणाच्या बापाचा ठेका नाही. येत्या महिन्यात वर्गात मोनालिसा आणि मादलेन शेजारी शेजारी लावणार आहे, चार बाय तीनच्या फळ्यांवर, मीच रंगवतोय. धुराचे थर इनॅमलमध्ये जमत नाहीत, त्याबद्दल आत्ताच माफी मागून ठेवतो. सूपवाल्या पोरानं फळ्या आणायचं कबूल केलंय.

त्या प्राध्यापकसाहेबांना हा अंक पोस्टानं धाडतोय. त्यांचं उत्तर आलं तर पुढच्या अंकात, जागा असेल त्याप्रमाणे, छापू.